अग्रलेखांचे पुस्तक करताना

कोल्हापुरातील एका दैनिकाचा संपादक असताना मी पंचगंगेच्या महापुरांवर लिहिलेल्या अग्रलेखांचे पुस्तक करायचे ठरवले, तेव्हा पहिला प्रश्न हक्कांचा होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, नोकरीत असताना वृत्तपत्रासाठी लिहिलेला मजकूर वृत्तपत्रांत व नियतकालिकांत छापण्याचा हक्क मालकाचा असतो आणि बाकीचे हक्क लेखकाकडेच राहतात. माझ्या नेमणूकपत्रात याविरुद्ध अट नव्हती. तरीही मी व्यवस्थापनाची लेखी संमती घेतली आणि प्रत्येक पत्रकाराने ती घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. अग्रलेखाच्या वाचकाने आदल्या दिवशीची बातमी वाचलेली असते, त्यामुळे ‘पाणी धोक्याच्या पातळीवर’ एवढे म्हटले तरी शहराला सगळे कळते. नागपूरच्या वाचकाला मात्र राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट असल्याचे सांगितल्याशिवाय २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर जाणे म्हणजे काय, हे उमगणार नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी पंचगंगेत कसे येते आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की नदीकाठ का सावध होतो, हेही विस्ताराने लिहावे लागले. पुनरुक्ती काढली, मते मात्र त्या त्या तारखेला होती तशीच ठेवली, कारण पूर ओसरल्यावरच्या शहाणपणाने ती दुरुस्त करणे मला अप्रामाणिक वाटले. नवी माहिती स्वतंत्र टिपांमध्ये दिली.

रात्री पाने छपाईला सोडून घरी पोहोचायला उशीर होई, म्हणून लेखनासाठी मी सकाळ राखून ठेवली. वाचनासाठी करवीर नगर वाचन मंदिराचा मोठा आधार होता. १८५० साली स्थापन झालेले हे ग्रंथालय शहराचे वैभव आहे.

छपाईचे सोपस्कार तुलनेने सोपे ठरले. पुस्तकाची ओळख सांगणारा आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशनापासून ३० दिवसांत प्रत पाठवायची असते, ती प्रकाशकांनी वेळेत पाठवली. सध्या मी २०२१ च्या पुरावरील टिपणे त्याच पद्धतीने पुन्हा लिहीत आहे.