एक मार्क

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाही आणि कारण सांगायची लाज वाटते. एक मार्क. माझा नव्हे, वहिनींचा. मी कापलेला.

हिला सांगितलं तर म्हणाली, "फळ्यावरच्या प्रश्नांचं काय घेऊन बसलाय? झोपा की." आणि गुडघ्याला तेल चोळून स्वतः झोपलीसुद्धा. मी इथे स्वयंपाकघरात, दूधवाल्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहितोय. बाहेर थंडी अशी की कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतायत.

मंडळाच्या फळ्यावर पूर्वी सुविचार असायचा. तेच तेच सुविचार फिरून यायला लागले, पोरं खालून खडूने पुरवणी जोडायला लागली, म्हणून मी प्रश्न सुरू केले. दर सोमवारी पाच. खेळ, सणवार, सिनेमा आणि एखादा असाच. उत्तरं चिठ्ठीवर लिहून दुकानातल्या बिस्किटाच्या डब्यात टाकायची, शनिवारी दिवेलागणीपर्यंत. रविवारी फळ्यावर निकाल, प्रत्येकाच्या उत्तरावर माझी एकेक मल्लिनाथीसकट. महिन्याच्या पहिल्या नंबराला पाव किलो कुंदा, आपली ती दुधाची मिठाई, माझ्या पेन्शनीतून.

सरळ प्रश्न मी विचारत नाही. सरळ विचारायला शाळा आहेत. "1999 साली दिल्लीत कुंबळेने पाकिस्तानच्या दहा विकेटा काढल्या, तेव्हा दुसऱ्या बाजूने बॉल वाइड टाकण्याची मेहनत कोण घेत होता?" याचं उत्तर श्रीनाथ. दहावी विकेट चुकून आपल्या नावावर जाऊ नये म्हणून बिचारा स्टंपांपासून लांब टाकत होता. एका चिठ्ठीवर आलं होतं, "दुसऱ्या बाजूलाही कुंबळेच, पळत जाऊन." अर्धा मार्क दिला. "राजा हरिश्चंद्रमध्ये 1913 साली तारामतीचं काम कोणत्या बाईने केलं?" यावर गल्लीने आठवडाभर डोकं खाजवलं. कोणत्याच बाईने नाही, अण्णा साळुंक्यांनी केलं. बायका सिनेमात यायला तयार नव्हत्या. याच साळुंक्यांनी 1917 साली लंकादहनमध्ये राम आणि सीता दोघांचंही काम केलं. हे वाचून मेहुणा म्हणाला, "मग वनवासात सोबत कोण कोणाला?" त्याला मी मार्क दिला नाही, चहा दिला.

तर मुद्दा.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. एक तारखेला आपल्याकडे सीमाभागात काळा दिवस, छप्पनला मराठी मुलूख शेजारच्या राज्यात घातला म्हणून, हे इथल्याला सांगायला नको. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात फेरीची सूचना होती, खालच्या अर्ध्यात माझे प्रश्न. तिसरा प्रश्न असा: "शेजारच्या घराला 'कर्नाटक' ही पाटी कोणत्या साली लागली?" मला वाटलं, काय खोचक लिहिलंय मी! उत्तर माझ्या डोक्यात एकच. 1956. दुसरं साल माझ्या डोक्यात मावतच नाही. लहानपणापासून घरात तोच आकडा ऐकला, वडिलांच्या तोंडी तर तो एखाद्या वैऱ्याच्या नावासारखा यायचा.

सगळ्यांनी 1956 लिहिलं. वहिनींनी 1973.

आणि मी काय केलं, तर रविवारी निकालात त्यांच्या नावापुढे शून्य मांडून कंसात लिहिलं, "वहिनी, माहेरचा पेपर कोरा!" गल्ली हसली. वहिनीही सकाळी दूध घ्यायला आल्या होत्या, त्यांनी वाचलं, पदर सावरला आणि गेल्या. माहेर धारवाडकडचं. पस्तीस वर्षं झाली या गल्लीत येऊन. आमच्याइतकं मराठी बोलतात, आमच्यापेक्षा चांगलं लिहितात. दादा होते तोवर त्यांच्या घरी आम्ही… असो.

काल उताऱ्यासाठी कचेरीत गेलो होतो. बाकावर दोन तास. समोरच्या भिंतीवर जुनं पोस्टर, उन्हाने रंग उडालेलं. 'कर्नाटक संभ्रम', पन्नासचा मोठा आकडा आणि खाली कन्नडमध्ये, 'हेसरायितु कर्नाटक, उसिरागलि कन्नड'. कन्नड मी अक्षराला अक्षर लावून वाचतो, बैलगाडीच्या वेगाने. नाव झालं कर्नाटक, श्वास होवो कन्नड. म्हटलं, हे कसलं पन्नास? छप्पन अधिक पन्नास म्हणजे 2006. सुवर्ण कर्नाटकाचा गाजावाजा तेव्हाच होऊन गेला, आपण फटाके ऐकलेत. मग 2023 ला परत पन्नास?

आणि तिथे बाकावर बसल्या बसल्या पोटात गोळा आला. राज्य झालं 1956 ला, पण नाव होतं म्हैसूर. म्हैसूर राज्य! आमच्या शाळेच्या दाखल्यावर तेच छापलंय की. कर्नाटक हे नाव 1 नोव्हेंबर 1973 चं, देवराज अरस मुख्यमंत्री असताना. मी पाटीबद्दल विचारलं होतं. पाटी 73 चीच. सगळी गल्ली चूक, एकट्या वहिनी बरोबर. आणि शून्य त्यांनाच.

उतारा मिळाला का हे हिने विचारलं तेव्हा आठवलं की मी नंबर यायच्या आधीच उठून आलो होतो.

नुसती चूक असती तर एवढं नव्हतं. चुका मी पूर्वीही केल्यात. खाशाबा जाधवांचं हेलसिंकी मी एकदा 1948 ला नेलं होतं. ते 1952. तेव्हा चौथीतल्या पोराने भर चौकात मला धरलं आणि मी कान पकडले. गंमत झाली. मग यावेळी वहिनी का बोलल्या नाहीत? दारावरून रोज जातात. "भाऊजी, जरा बघा की परत," एवढंच म्हणायचं होतं. त्यांना साल नक्की माहीत होतं. धारवाडकडे त्या वर्षी शाळेत पेढे वाटले असतील, त्या तिसरी-चौथीत असतील. आठवतच असणार.

एक शक्यता अशी की त्यांनी सोडून दिलं. दुसरी मला झोपू देत नाही. त्यांना वाटलं असेल, मी मुद्दाम केलं. की या फळ्यावर, या तारखेला, या घरातल्या लोकांकडून असंच व्हायचं. मग बोलून काय उपयोग, असं धरून त्या दूध घेऊन घरी गेल्या असतील. पस्तीस वर्षांत असं किती वेळा दूध घेऊन घरी गेल्या असतील?

मी मुद्दाम केलं नव्हतं. खरंच नव्हतं. फक्त 1956 च्या पुढे बघितलं नव्हतं. याला मुद्दाम म्हणतात का?

त्यात हिशेब बघा. नोव्हेंबरचा कुंदा मेहुण्याने नेला, 17 मार्कांवर. वहिनी 16. आता वहिनींचा एक वाढवला तर 17, आणि मेहुण्याचा छप्पनचा एक उतरवला तर 16. म्हणजे कुंदाही चुकीच्या तोंडात गेला. तोही माझ्याच घरी बसून खाल्लान, चमचा मागून.

दुरुस्ती लिहावी तर फळ्यावर लिहावी लागेल. शून्य फळ्यावर दिलं, माफी दाराआड मागायची, असं चालत नाही. खरं त्याच फळ्यावर मी खडूने '1973' लिहिलं की नाक्यावरचे म्हातारे काय म्हणतील हे मला आत्ताच ऐकू येतंय. "त्यांची तारीख आपल्या फळ्यावर? काय मिळवलंस?" छप्पनला आपलं जे झालं ते एका नावाच्या सालाने कमी-जास्त होत नाही, हे त्यांना समजावत बसायला माझ्याकडे तेवढा खडू नाही.

बारा वाजले. दूधवाला उद्या वही बघून काय म्हणेल कोण जाणे.

रविवार, दुपार

गुरुवारी गेलो. पाव किलो कुंदा घेऊन, पिशवी पाठीमागे धरून, पहिल्यांदा मुलगी बघायला गेल्यासारखा.

वहिनी शेंगा सोलत बसल्या होत्या. "काय भाऊजी, आज इकडं कसं?" मी एका दमात सगळं सांगितलं. पोस्टर, म्हैसूर, अरस, सतरा आणि सोळा. त्या ऐकत राहिल्या, हात चालूच. मग हसल्या. "अहो, मला वाटलं तुमचा नेहमीचा काहीतरी डाव असेल. तुमच्या तारामतीला मिशा निघाल्या तेव्हापासून मी तुमचे प्रश्न सरळ धरतच नाही."

मी एकदम हलका झालो. दोन रात्री मी छताकडे बघतोय आणि यांना वाटलं डाव! स्वतःची कीव करून मी निम्मा झालो होतो ती सगळी फुकट. परत निघणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "खरं तो माहेरचा पेपर…" आणि आत कुकरची शिट्टी झाली. त्या उठल्या. मी थोडा वेळ उभा राहिलो. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. बाहेर आल्या तेव्हा हातात चहा होता आणि विषय लाइटबिलाचा.

आता हे 'खरं' कोणतं? आपल्याकडे 'पण' म्हणायला 'खरं' म्हणतात, पुण्याचा भाचा त्यावरून कायम हसतो. तेव्हा ते 'पण' होतं एवढं नक्की. पुढचं वाक्य काय होतं ते कुकरला माहीत.

आज सकाळी फळ्यावर लिहिलं. "दुरुस्ती: नोव्हेंबर, प्रश्न 3. राज्य 1956, नाव 1973. प्रश्न विचारणारा नापास. कुंदा वहिनींचा." म्हाताऱ्यांपैकी एकाने चष्मा काढून पुसून दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, "मेहुण्याकडून वसूल केलास का?" मी ज्या भांडणाची तयारी करून गेलो होतो ते झालंच नाही. मेहुणा मात्र दुपारपासून फोन उचलत नाही.

कुंद्याचा डबा आत्ता परत आला. रिकामा डबा कोण परत करतं, आत शेंगांच्या पोळ्या होत्या चार. आणि खाली घडी केलेली चिठ्ठी, या आठवड्याची उत्तरं. बिस्किटाच्या डब्याची वेळ काल संध्याकाळीच संपली, तरी घेतली. रजनीकांतचं मूळ नाव शिवाजीराव गायकवाड, आधीचं काम बेंगळुरूत बसचे कंडक्टर, दोन्ही बरोबर. चौथा प्रश्न माझ्या मते अवघड होता: "बैलांचा सण कधी?" मला तीन उत्तरं हवी होती. ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर, आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर, आणि श्रावणी अमावास्येला पोळा.

वहिनींनी लिहिलंय, "माहेरी ज्येष्ठ पौर्णिमेला. सासरी कधी ते भाऊजींनी एकदा नक्की करून सांगावे, बैल वाट बघतोय."

याला शून्य द्यावं की पाच, तासभर ठरत नाही. पोळ्या मात्र दोन संपल्या.