शोकेसवाल्याच्या बाजूने

मी दादरला एका साडीच्या दुकानात शोकेस लावतो. पुतळ्यांना निऱ्या घालायच्या, पदर नायलॉनच्या दोऱ्याने अलगद वर टांगायचा, टाचण्या कुणाला दिसता कामा नयेत. त्यामुळे अर्जेंटिनाच्या मान्वेल पुइगच्या ‘किस ऑफ द स्पायडर वुमन’मधला मोलिना हाही दुकानांच्या काचा सजवणारा आहे म्हटल्यावर मी ती अख्खी कादंबरी त्याच्याच बाजूने वाचली. समीक्षकाने असं करू नये म्हणतात. मी समीक्षक नाही.

ब्युनोस आयर्सचा तुरुंग, साल १९७५. एका कोठडीत दोघं. मोलिना समलिंगी, अल्पवयीन मुलाच्या प्रकरणात आत आलेला, वालेन्तीन डाव्या चळवळीतला, पोलिसांचा मार खाल्लेला. लेखक मध्ये बोलतच नाही, जवळजवळ सगळं संवादात. रात्र काढायला मोलिना जुने सिनेमे सांगतो. नुसती गोष्ट नाही हं, नायिकेचा गाऊन, पडद्यांचा रंग, दिव्याचा उजेड, सगळं. वालेन्तीन आधी टर उडवतो, यातला एक सिनेमा तर चक्क नाझी प्रचाराचा आहे म्हणून चिडतो आणि दुसऱ्या रात्री विचारतो, पुढे काय झालं? खरं तर मोलिनाला त्याच्यापाशी ठेवलंय ते माहिती काढायला. तुरुंगाधिकारी वालेन्तीनच्या जेवणात काहीतरी कालवतात, तो आजारी पडतो, आणि त्याची घाण पुसतो मोलिना. मग तोच मोलिना अधिकाऱ्यांना पटवतो, की आई भेटून गेली असं वाटायला हवं, तर खाऊ द्या. ते सामान आणून दोघं जेवतात. सरकारच्या पैशाने कोंबडी! हेरगिरीतून स्वयंपाकघर काढणारा माणूस मला तरी दुसरीकडे भेटलेला नाही.

एक गोष्ट लोक गाळतात. १९७५ मध्ये अर्जेंटिनात लष्कराची सत्ता अजून आली नव्हती, बंड झालं ते २४ मार्च १९७६ ला. कादंबरी त्याच वर्षी बार्सिलोनात छापली गेली आणि मायदेशी तिच्यावर बंदी आली. म्हणजे कोठड्या, मारहाण, खबरे, हे सगळं हुकूमशहा यायच्या आधीच तयार होतं.

खाली लांबलचक तळटिपा आहेत, समलिंगी माणसं तशी का असतात याबद्दल डॉक्टर लोकांची मतं. मी त्या पहिल्यांदा ओलांडून गेलो. पण १९७६ च्या स्पॅनिश वाचकाला ही माहिती दुसरीकडे मिळायची कुठे? आणि गंमत म्हणजे शेवटच्या टिपेतल्या डॉक्टर बाई, ज्या सगळ्यात शहाणं बोलतात, त्या पुइगने स्वतःच बनवलेल्या आहेत. खऱ्या तज्ज्ञांनी बोलावं तसं कुणी बोलेना, तेव्हा त्याने एक तज्ज्ञ शिवून घेतली.

दुसरी कादंबरी चिलीची. पेद्रो लेमेबेलची, २००१ सालची, इंग्रजीत ‘माय टेंडर मॅटॅडोर’. नायिका जन्माने पुरुष, चाळिशी ओलांडलेली, साडीचोळी नाही पण बाकी सगळा नखरा असलेली, मेजपोशांवर भरतकाम करून पोट भरणारी. कार्लोस नावाचा देखणा पोरगा तिच्या घरी खोकी आणून ठेवतो, पुस्तकं आहेत म्हणतो. ती त्या खोक्यांवर कापड घालते, उशा टाकते आणि बैठक तयार करते. (इथे मी हसलो. सण संपल्यावर आमचं दुकानही खोक्यांनीच भरलेलं असतं.) आत काय आहे हे तिला कळत नाही असं नाही, ती कळून न कळल्यासारखं करते. सहलीला गेल्यावर ती मेजपोश पसरते, तो रस्त्याचे फोटो काढतो. ७ सप्टेंबर १९८६ ला त्याच डोंगराळ रस्त्यावर चिलीचा लष्करी हुकूमशहा पिनोशे याच्या ताफ्यावर हल्ला झाला. पाच अंगरक्षक मेले, पिनोशे वाचला. हा इतिहास आहे, मेजपोश लेमेबेलचा.

दोन्ही कादंबऱ्या मला एकाच कारणासाठी लागतात. चळवळीला मोलिनासारख्यांचं घर हवं, हात हवेत, माणूस नको. अर्जेंटिनात १९७३ च्या सुमाराला सशस्त्र डाव्या गटांचे पोरगे घोषणाच द्यायचे, आम्ही तसले नाही, नशेबाजही नाही, आम्ही सैनिक आहोत. पुइग तर तिथल्या समलिंगी मुक्ती आघाडीत सुरुवातीपासून होता, त्याच्या कानावर हे पडत असणारच. आणि लेमेबेल १९८६ मध्ये डाव्यांच्या सभेत उंच टाचांचे बूट घालून, तोंडावर विळा-हातोडा रंगवून गेला आणि तिथेच त्याने त्यांचा हिशेब मांडला.

आमच्या खालच्या मजल्यावर एक समाजवादी भाऊ राहतात. आणीबाणीत नाशिकरोडला होते, मिसाखाली. मी त्यांना पुइग वाचायला दिला. आठ-दहा दिवसांनी जिन्यात गाठ पडली तर म्हणाले, “सिनेमे आम्हीपण सांगायचो रे. संघाचे लोकसुद्धा ऐकायला यायचे.”

“आणि मोलिना?”

“तसा आमच्यात कोणी नव्हता.”

“नव्हता की बोलला नाही, भाऊ?”

ते चिडले नाहीत. कठड्याला टेकून म्हणाले, परळला एक शिंपी होता. पत्रकं न्यायला दुहेरी तळाच्या पिशव्या शिवून द्यायचा, पैसे घ्यायचा नाही. लोक त्याच्याबद्दल काहीबाही बोलायचे. “आम्ही पिशव्या घ्यायचो. चहाला थांबायचो नाही.”

या एका वाक्यात त्यांनी लेमेबेल न वाचता सांगितला.

आता माझं मत. मोलिना शेवटी सुटतो, वालेन्तीनचा निरोप पोचवायला जातो आणि गोळी खातो, तीही वालेन्तीनच्या साथीदारांची. सुंदर लिहिलंय, पण मला ते मरण पचत नाही. तो जे सिनेमे सांगायचा त्यातल्या नायिकांचं मरण त्याच्या गळ्यात घातल्यासारखं वाटतं. मोठेपण आहे ते वालेन्तीनच्या शेवटात. मार खाऊन, मॉर्फिनच्या गुंगीत तो स्वप्न बघतो आणि ते स्वप्न मोलिनाच्या सिनेमासारखं असतं. नाक मुरडणाऱ्याच्या डोक्यात अखेर पडदा लागला. लेमेबेलची नायिका मात्र मरत नाही. कार्लोस तिला क्यूबाला चल म्हणतो आणि ती नाही म्हणते. प्रेम आहे, तरीही नाही. इथे जे झालं नाही ते तिकडे जाऊन कसं होणार, हे तिला कळतं. मला विचाराल तर दोन्हींत जास्त राजकीय पान हे आहे.

मराठीत असं समलिंगी प्रेम आलं. तेंडुलकरांची ‘मित्राची गोष्ट’ १९८१ ची, कुंडलकरांचं ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ चं. पण त्यात बाहेरचा मोर्चा खिडकीतून आत येत नाही, आणि आमच्या आणीबाणीच्या लिखाणात शिंपी येत नाही. २००८ मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानापासून चौपाटीपर्यंत आमचा, समलिंगी लोकांचा, मोर्चा निघाला तेव्हा ज्या मैदानातून ‘चले जाव’ निघालं तिथे आपण उभे आहोत, याचा मला फार अभिमान वाटला होता. घरी येऊन भाऊंना सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं होतं की बॅनर कुणी रंगवले. मीच रंगवले होते.

परळच्या शिंप्याचं नाव भाऊंना आठवत नाही. दुकान कुठे होतं ते आठवतं, तिथे आता मोबाइलवाला आहे. मी त्यांना म्हटलं, रविवारी दाखवायला चला. गुडघे दुखतात म्हणाले, पण टॅक्सीने येतील. एखाद्या म्हाताऱ्या दुकानदाराला तरी काही माहीत असेल. त्या पिशवीचा तळ कसा शिवलेला असायचा, कापड कोणतं असायचं, हे मला आधी हवंय. कादंबरी लिहायला कुणीतरी दुसरा मिळेल.