रात्री ती गाडी कुठे उभी असायची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लिफ्टमध्ये विचारता, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विचारता, संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही विचारलंत. परवा विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली गाड्या खोळंबल्या होत्या, तेव्हा शेजारच्या गाडीतल्या अनोळखी गृहस्थांनी काच खाली करून तेच विचारलं: "मॅडम, ही आधी ट्रॅव्हल्सला होती ना? घेऊन पस्तावलात का?" दारावरच्या जुन्या स्टिकरची पुसट चौकट अजून दिसते, त्यावरून त्यांनी ओळखलं असणार.

नाही, पस्तावले नाही. भाड्यात फिरलेली इलेक्ट्रिक गाडी मी घेतली आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन. पण माझ्या सख्ख्या मामेभावाला मी घेऊ दिली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नावर ठरल्या, म्हणून तो प्रश्नच आधी सांगते. तुम्ही गाडी बघायला गेलात की पहिलं काय बघता? मीटर. ऐंशी हजार, लाख, सव्वा लाख किलोमीटर झालेले दिसले की छातीत धस्स होतं. पेट्रोल-डिझेलच्या गाडीची आपली सवय तशी आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत मी विचारते, की ती रात्री कुठे उभी असायची?

भाड्याच्या गाड्या सगळ्या सारख्या नसतात. ॲपवर चालणारी टॅक्सी दोन ड्रायव्हर दोन पाळ्यांत चालवतात. तिला रात्र नसतेच. दिवसातून दोनदा-तीनदा फास्ट चार्जरवर लावायची, पाऊण तासात काढायची, तापलेली असतानाच पुन्हा हायवेला घ्यायची. बॅटरी लवकर थकते ती उष्णतेने, आणि सारख्या फास्ट चार्जिंगने त्यात भर पडते. दुसरी गाडी कंपनीच्या अधिकाऱ्यांना दिवसा ने-आण करणारी. ती संध्याकाळी आवारात येते आणि रात्रभर साध्या एसी चार्जरवर, म्हणजे घरच्यासारख्या विजेवर, हळूहळू भरते. दोघींच्या मीटरवर लाख किलोमीटर असले तरी बॅटरीचं आयुष्य सारखं गेलेलं नसतं. तिसरी सेल्फ-ड्राइव्हवाली. तिचे किलोमीटर कमी असतात, पण रोज नवा हात. अशी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय घेऊ नका. बॅटरीचा ट्रे गाडीच्या पोटाखाली असतो आणि लोणावळ्याच्या एखाद्या बंगल्याच्या उंच उंबऱ्यावर तो घासला असेल तर वरून काही कळत नाही.

माझी दुसऱ्या प्रकारातली. महाप्याच्या एका ऑफिसला लावलेली होती. ज्या माणसाकडे गाड्यांची देखभाल होती त्याच्याकडे चार्जिंगची वही होती. कोणती गाडी किती वाजता लावली, किती वाजता काढली, सगळं त्यात लिहिलेलं. ती वही मी तिथेच उभी राहून अर्धा तास वाचली. माझ्या यजमानांना तेव्हा ते जरा जास्तच वाटलं होतं. पण तोपर्यंत चार ठिकाणी गाड्या बघून झाल्या होत्या आणि "बॅटरी एकदम ओके आहे" यापलीकडे कुणी काही सांगितलं नव्हतं.

किलोमीटरचाही हिशेब आहेच, फक्त तो बॅटरीच्या आकाराशी लावायचा. टाटाने २०२१ मध्ये खास टॅक्सी ताफ्यांसाठी एक्सप्रेस-टी आणली, तेव्हा तिच्यात १६.५ आणि २१.५ युनिटांच्या (युनिट म्हणजे वीजबिलातलंच, किलोवॉट-तास) बॅटऱ्या होत्या. कागदावरची रेंज १६५ आणि २१३ किलोमीटर. समजा एखादी लहान बॅटरीची गाडी प्रत्यक्षात एका चार्जमध्ये सव्वाशे किलोमीटर जाते. तिने लाख किलोमीटर केले म्हणजे बॅटरी आठशे वेळा पूर्ण भरली आणि रिकामी झाली. दोनशे जाणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या गाडीने तेवढंच अंतर पाचशे फेऱ्यांत कापलेलं असतं. मीटर एकच आकडा दाखवतो, झीज मात्र दीडपट.

आता बॅटरीत उरलंय किती, हे कसं बघायचं? ही गोष्ट मी प्रत्येकाला हातात कागद घेऊन समजावते. विकणाऱ्याला सांगायचं की गाडी २० टक्क्यांवर आणून ठेव. मग ती साध्या एसी चार्जरवर लावायची आणि १०० टक्के होईपर्यंत काढायची नाही. चार्जरच्या ॲपवर किंवा सबमीटरवर किती युनिट गेले ते लिहायचं. समजा बॅटरी ३० युनिटांची आहे आणि ८० टक्के भरायला मीटरवर २४ युनिट पडले. चार्ज होताना साधारण दहा टक्के वाया जातात, म्हणजे बॅटरीत पोचले २१.६. त्याला ०.८ ने भागलं की पूर्ण बॅटरी येते २७ युनिट. तीसच्या सत्तावीस, म्हणजे ९० टक्के शिल्लक. घरगुती हिशेब आहे, दोन-चार टक्के इकडेतिकडे होतील. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची बॅटरी बरेच दिवस पूर्ण भरलेली नसेल तर तिचा टक्क्याचा काटाही चुकतो, म्हणून जमलं तर आदल्या दिवशी एकदा १०० करून घ्यायला सांगा. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा, डोंगल लावून बॅटरीची तब्येत वाचणारे मेकॅनिक आता आपल्याकडेही आहेत, त्यांना जरूर बोलवा. पण युनिटचा हिशेब तुमचा तुम्ही करा. तो करायला विकणारा तयारच नसेल तर ती गाडी सोडा. मी तशा दोन सोडल्या.

माझ्या गाडीत ९१ टक्के निघाले, चार वर्षांनंतर. जिओटॅब नावाची कंपनी ताफ्यांतल्या गाड्यांची माहिती गोळा करते. तिने २०२४ मध्ये दहा हजार इलेक्ट्रिक गाड्यांवरून काढलेली सरासरी घट वर्षाला १.८ टक्के होती. आपल्याकडचा उकाडा बघता माझी त्या सरासरीच्या आसपास राहिली, याचं श्रेय मी त्या आवारातल्या साध्या चार्जरला देते.

"मग कंपन्या इतक्या स्वस्तात का विकतात? काहीतरी खोट असणारच." ही शंका मला सगळ्यात जास्त ऐकावी लागते आणि ती रास्त आहे. अमेरिकेत हर्ट्झ या भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीने २०२१ मध्ये एक लाख टेस्ला घ्यायची घोषणा केली आणि २०२४ च्या जानेवारीत वीस हजार इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या. अपघातानंतरच्या दुरुस्तीचा खर्च जास्त येत होता आणि नव्या गाड्यांचेच भाव उतरल्याने जुन्यांची किंमत घसरली होती. गाड्या चालत नव्हत्या असं नाही. आपल्याकडेही २०२४ च्या फेब्रुवारीत टाटाच्या नव्या नेक्सॉन ईव्हीच्या किमतीत १ लाख २० हजारांपर्यंत कपात झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात एमजीची इलेक्ट्रिक विंडसर आली ती ९ लाख ९९ हजार आणि वर बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये, अशी. म्हणून जुन्या गाडीचा भाव तिच्या मूळ बिलाशी ताडू नका, आजच्या नव्या गाडीच्या भावाशी ताडा. विकणारा नेहमी मूळ बिल दाखवतो.

स्वस्ताईचं दुसरं कारण जास्त काळजीचं आहे. चालवणारी कंपनी वेगळी, गाडीची मालक कंपनी वेगळी आणि बोजा, म्हणजे गाडीवरचं कर्ज, तिसऱ्याचाच. दिल्ली-बंगळुरूत ब्लूस्मार्टची इलेक्ट्रिक टॅक्सीसेवा २०२५ च्या एप्रिलमध्ये बंद पडली. तिला गाड्या भाड्याने देणाऱ्या जेनसोलबद्दल सेबीचा १५ एप्रिलचा अंतरिम आदेश आहे, त्यात ६,४०० गाड्यांसाठी कर्ज घेऊन ४,७०४ च घेतल्याची नोंद आहे. पुढे काही भाडेपट्टा कंपन्या आपल्या गाड्या ताब्यात मिळाव्यात म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. अशा भानगडीतली गाडी चुकून घोडबंदर रोडच्या एखाद्या यार्डात आली आणि आपण टोकन देऊन बसलो तर? आरसीवर मालक कोण, बोजा कुणाचा, हे सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर गाडीच्या नंबरवरून बघा आणि मगच पैशाचं बोला.

कागदांनीच मला सगळ्यात जास्त छळलं. भाड्याच्या इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी, खासगीची हिरवी आणि अक्षरं पांढरी. ती अक्षरं पिवळ्याची पांढरी व्हायला मला चार महिने लागले. दलालाने पंधरा दिवस सांगितले होते. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आल्याशिवाय बोजा उतरत नाही, फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या लागतात, गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी वेगळी. इलेक्ट्रिक गाड्यांना २०१८ पासून परमिटची गरज नाही, त्यामुळे ते एक लचांड वाचतं. पण टॅक्सी पासिंगची गाडी प्रायव्हेट करून मिळेल का, हे त्या विशिष्ट मॉडेलबद्दल आपल्या आरटीओत आधी स्वतः विचारून या. त्या चार महिन्यांत गाडी खाली उभी होती आणि मी रिक्षाने जात होते. पूर्ण पैसे आधीच देऊन बसले होते, ही माझी चूक. शेवटचा हप्ता तुमच्या नावाची आरसी हातात आल्यावरच द्या. तसं लेखी घ्या.

टॅक्सी पासिंगच्या गाडीला ८० चा स्पीड गव्हर्नर असतो, म्हणजे ताशी ८० च्या वर ती जातच नाही. तो काढून मिळणार का आणि त्याचा कागद कोण देणार, तेही आधीच बोलून घ्या. बॅटरीची वॉरंटीही अशीच नीट वाचा. खासगी गाडीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असं जे आपण जाहिरातीत वाचतो, ते टॅक्सी म्हणून नोंदलेल्या गाडीला तसंच लागू असेल असं धरून चालू नका. हल्लीची आजन्म वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते.

जीएसटीचं एक सांगते, कारण आमच्या मजल्यावरचे काका यात फसता फसता वाचले. जुन्या इलेक्ट्रिक गाडीवर २०२४ च्या डिसेंबरातल्या निर्णयानुसार व्यावसायिक विक्रेत्याला १८ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. पण तो गाडीच्या पूर्ण किमतीवर नसतो, विकणाऱ्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर असतो. काकांना कोटेशन आलं ते सगळ्या किमतीवर १८ टक्के लावून. दोन माणसांनी आपसात खासगी व्यवहार केला तर तो लागतही नाही.

आणि चार्जिंगचं तोंड! सुरुवातीच्या सरकारी आणि टॅक्सी ताफ्यांतल्या महिंद्राच्या ई-व्हेरिटोसारख्या ७२ व्होल्टच्या गाड्यांना भारत डीसी-००१ या जुन्या पद्धतीचं तोंड असतं. आज ठाण्या-बेलापुरात जे फास्ट चार्जर दिसतात ते बहुतेक सीसीएस-२ या वेगळ्या तोंडाचे. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी वाटेत भरता येणार नाही, घरीच भरावी लागेल.

त्यावरून माझा मामेभाऊ. तो खारेगावला राहतो, गाडी रस्त्यावर लावतो, नोकरी तळोज्याला. गाडी त्याने छान शोधली होती, ८८ टक्के बॅटरी, बोजा नाही. मी विचारलं, "दादा, रात्री लावणार कुठे?" तो म्हणाला, बाहेर भरेन. मी घरच्या मीटरवर भरते तेव्हा किलोमीटरला दीड रुपयाच्या आत पडतं. बाहेर फास्ट चार्जरवर युनिटला वीसच्या वर मोजावे लागतात, म्हणजे खर्च दुप्पट, शिवाय रोज रांग आणि रोज तीच उष्णता, जिच्यामुळे आपण टॅक्सीची गाडी नको म्हणत होतो. आधीच्या मालकाने सांभाळलेली बॅटरी त्याने दोन वर्षांत दमवली असती. वहिनीला माझं बोलणं लागलं, पण त्याने टोकन परत घेतलं. आता तो सोसायटीत पार्किंग आणि वेगळा मीटर मिळावा म्हणून अर्ज करून बसला आहे.

बाकी गाडी रोजची कशी आहे, तेही विचारता. पातलीपाडा ते महापे जाऊन-येऊन पन्नासच्या आत, आठवड्यातून दोनदा रात्री लावते. माजिवड्याच्या कोंडीत अडकलं तरी आवाज नाही, धूर नाही, पाय दुखत नाही. अटल सेतूचा टोल इलेक्ट्रिक गाड्यांना २०२५ च्या ऑगस्टपासून माफ झाला, त्यामुळे उरणच्या आत्याकडून दक्षिण मुंबईत तिच्या डॉक्टरांकडे जाणं सोपं झालंय. खड्ड्यांनी पुढचे बुश आणि दोन टायर खाल्ले. एकदा ऐन जुलैत सकाळी गाडी उठलीच नाही, मला वाटलं मोठी बॅटरी गेली. गेली होती ती साधी १२ व्होल्टची, बदलून तासाभरात ऑफिसला. जुनी गाडी घ्याल तेव्हा ती छोटी बॅटरी घेतानाच बदलून टाका.

तुमच्यापैकी तिघांनी गाडी बघायला बरोबर चला म्हटलंय. रविवारी सकाळी मी मोकळी असते. फक्त गाडी आदल्या दिवशी २० टक्क्यांवर आणून ठेवायला सांगा, आणि तिची वही असेल तर ती मागून घ्या.