तळ्यातली वाढ आणि समुद्राचा हिशेब

१९५०-५१ साली भारताचे मत्स्योत्पादन सुमारे साडेसात लाख टन होते आणि त्यातला सव्वापाच लाख टनांहून अधिक वाटा समुद्राचा होता. २०२२-२३ मध्ये एकूण उत्पादन १७५ लाख टनांवर पोहोचले, तेव्हा समुद्राचा वाटा ४४ लाख टन, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा होता. समुद्राचे आणि तळी-नद्यांसारख्या अंतर्गत पाण्याचे आकडे एका बेरजेत मांडले जातात, पण त्यांच्यामागचे इतिहास अगदी वेगळे आहेत आणि एकाच्या यशाने दुसऱ्याचे दुखणे झाकले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

कटला, रोहू, मृगळ हे मासे तळ्यात वाढतात, पण साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी पावसाळ्यात नद्यांना पूर आला की बारीक जाळी लावून मत्स्यजिरे, म्हणजे माशांची इवली पिल्ले, गोळा करावे लागे, आणि त्यात नको असलेल्या माशांची पिल्लेही मिसळलेली असत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी ही अडचण दूर केली. पक्व माशाच्या डोक्यातून प्रजननाला चालना देणारी मोहरीएवढी पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी काढायची, तिचा अर्क प्रजननक्षम मादीला टोचायचा आणि नर-मादीला पाण्यात बांधलेल्या कापडी हाप्यात, म्हणजे पेटीसारख्या पिशवीत, सोडायचे. काही तासांतच मादी अंडी देते. खात्रीचे, निवडक बीज हवे तेव्हा मिळू लागल्याने शेतकऱ्याचे नदीवरचे अवलंबित्व संपत गेले. हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो आणि तो मान सर्वस्वी योग्य आहे.

समुद्रात असे बीज टाकून साठा वाढवता येत नाही. तिथे वाढ झाली ती इंजिनामुळे. १९५२ च्या करारानंतर केरळात कोल्लमजवळ नींदकरा येथे यांत्रिक नौका आणणारा भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. उद्देश मच्छीमारांचे जीवनमान सुधारण्याचा होता. पण गोठवलेल्या कोळंबीला परदेशात भाव मिळू लागला आणि तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरमध्ये पैसा गुंतवायला मच्छीमार समाजाबाहेरचे लोकही पुढे आले.

आपल्या किनाऱ्यावर याची झळ रापणीला बसली. छोट्या होडीतून अर्धवर्तुळात जाळे टाकायचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून साऱ्यांनी मिळून ओढायचे आणि मिळालेल्या बांगड्या-तारल्यांचे वाटे घालायचे, अशी ही सामुदायिक पद्धत आहे. थवा किनाऱ्याशी आला तरच रापणीला मासे मिळतात. ट्रॉलर आणि अख्ख्या थव्याला जाळ्याने वेढून ते खालून आवळणाऱ्या पर्ससीन नौका जवळच्या पाण्यात उतरल्या की किनाऱ्यावरच्यांच्या हाती काय उरणार? गोव्याच्या रापणकारांनी सत्तरच्या दशकात याविरुद्ध उभारलेला लढा मला १९५७ च्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो, कारण समुद्र कोणाचा, हा प्रश्न त्यांनी विचारला. त्यानंतर गोवा आणि केरळ (१९८०) व महाराष्ट्र (१९८१) या राज्यांनी सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले आणि किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याचे तत्त्व मान्य झाले. तरीही पर्ससीनवर कठोर निर्बंध घालायला महाराष्ट्राला २०१६ साल उजाडावे लागले, आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी सिंधुदुर्गातील रापणकारांना पुढेही पुन्हा पुन्हा आवाज उठवावा लागला आहे.