आमची वाटचाल: चष्म्याच्या दुकानापासून पडद्याच्या तपासणीपर्यंत

चिपळूणचा दुकानदार म्हटला की पहिला प्रश्न ठरलेला: २२ जुलै २०२१ला तुमचं किती गेलं? गेलं. फ्रेमा गेल्या, काचा घासायचं मशीन गेलं, चष्म्याचा नंबर मोजणारा लेन्सोमीटर चिखलातून उपसून काढला. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारा फंडस कॅमेरा माळ्यावर होता म्हणून वाचला. पण त्या दिवशी अख्खी बाजारपेठ पाण्यात होती, माझं वेगळं रडगाणं कशाला? आमचा धंदा खरा बुडायला आला तो नंतर, भर उन्हाळ्यात, एका फुकट शिबिरामुळे.

आधी तात्यांविषयी लिहायला हवं. तात्या सरकारी दवाखान्यातून नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या काउंटरमागे येऊन बसू लागले. मला म्हणाले, "मधुमेहाचा माणूस दर सहा महिन्यांनी नंबर बदलला म्हणून येतो, तू नवी काच विकतोस. आत पडद्यावर काय चाललंय ते कोण बघतो?" मधुमेहाने पडद्याला होणारी इजा, म्हणजे रेटिनोपथी, संगणकाने फोटोवरून ओळखायची, हा गूगलचा अभ्यास २०१६ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयातले फोटोही होते. तात्यांनी त्याची प्रिंट काढून गल्ल्याला चिकटवली. २०१८च्या एप्रिलमध्ये औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने डॉक्टरांनी फोटो न पाहताही रेटिनोपथीचा निकाल देणाऱ्या यंत्रणेला परवानगी दिली, तेव्हा म्हातारा दोन दिवस दुसरं काही बोलला नाही. पुढे आम्ही फोनवर बसणारा कॅमेरा घेतला. त्यातलं एआय इंटरनेटशिवाय चालतं, आणि गुहागर-दापोलीच्या खाडीकाठाला रेंज कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे.

ज्यांनी फंडसचा, म्हणजे पडद्याचा, फोटो काढलाय त्यांना सांगायला नको, सगळा खेळ बाहुलीचा आणि अंधाराचा. साठीपुढची माणसं, बाहुली टाचणीएवढी, त्यात मोतीबिंदू. आम्ही शिबिरात खिडक्यांना काळं कापड लावतो, रुग्णाला आधी अंधारात बसवतो, मग एक फोटो मॅक्युला (बारीक नजरेचा पडद्याचा मधला भाग) मधोमध धरून आणि एक डिस्क (डोळ्याची नस पडद्याला मिळते ती जागा) मधोमध धरून. तरी धुरकट आला तर डॉक्टरांना विचारून बाहुली मोठी करणारे थेंब घालतो. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून कॅमेरा बल्ब लावलेल्या कपाटात, सोबत सिलिका जेल. नव्याने या धंद्यात पडणाऱ्यांनी कॅमेऱ्याआधी ते कपाट घ्यावं. कोकणातल्या हवेची दया कंपनीच्या वॉरंटीला येत नाही.

आता ते शिबिर. मुंबईची एक मंडळी आली. पाठीवर 'एआय' लिहिलेले टी-शर्ट, चार टॅब्लेट, सगळं मोफत. ज्या पतसंस्थेची शिबिरं आम्ही वर्षानुवर्षं करत होतो, तिने आम्हाला फोनसुद्धा न करता त्यांना बोलावलं. मांडव उघडा, दुपारचं ऊन, माणसामागे मिनीटभर. अशा उजेडात बाहुली उघडणार कशी? निम्मे फोटो यंत्राने 'वाचता येत नाही' म्हणून परत टाकले असतील. यात यंत्राचा दोष काढायचा नाही. थायलंडच्या दवाखान्यांत गूगलचीच यंत्रणा लावली होती, तिथेही पाचातला एकाहून जास्त फोटो तिने नाकारला होता, आणि ते २०२०मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं. राग याचा येतो की न वाचता आलेल्या फोटोंची यादी टॅब्लेटमध्येच राहिली. त्या माणसांना कोणी फोन केला नाही. फोन नाही म्हणजे डोळे ठीक, असं ती धरून चालली. आमच्या रजिस्टरात असं नाव लाल शाईत असतं आणि डॉक्टरांकडे आधी जातं. हा तात्यांचा नियम: दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणून पाठव, अंदाजाने सोडू नकोस.

पण लोकांना फुकट गोड. पुढचा हंगाम आमचं रजिस्टर जवळजवळ कोरं राहिलं. कॅमेऱ्याचा हप्ता चष्म्यांवर निघेना, एक मुलगी कामावरून कमी करावी लागली. पतसंस्थेच्या एका संचालकाने मला भर लग्नात विचारलं, "तुमच्याकडे एआय कधी येणार?" मी जेवण तसंच ठेवून उठलो.

सावरलं ते हर्णैच्या मावशींमुळे. बंदरावर मासळीच्या लिलावात उभ्या राहणाऱ्या. त्याही त्या मांडवात जाऊन आल्या होत्या. माझ्याकडे आल्या त्या फक्त चष्म्याची दांडी बसवायला. तात्यांनी बळंच खुर्चीत बसवलं. "डोल्यांना काय झालाय माज्या? अंधारात नोट वलखते मी." थेंब घालून फोटो काढला, यंत्राने लगेच 'डॉक्टरांकडे पाठवा' म्हटलं. रक्ताचे ठिपके मॅक्युलाला भिडलेले. कोल्हापूरला इंजेक्शनं झाली, नजर राहिली. मग मावशींनी बंदरावर जी जाहिरात केली ती कुठल्या टी-शर्टला जमणार नाही. टेम्पो करून बायका यायच्या, तपासणीचे पैसे हातात धरून.

जाता जाता सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. मधुमेह कळला त्याच वर्षी पडदा तपासा, मग दरवर्षी, दिसत असलं तरी. आणि रेटिनोपथीचं सॉफ्टवेअर 'नॉर्मल' म्हणालं म्हणून काचबिंदू नाही असं समजू नका. त्याला जे शिकवलंय तेवढंच ते बघतं.

गेल्या महिन्यात त्याच मंडळींचा फोन आला. मोतीबिंदूआडून काढलेले पडद्याचे फोटो त्यांना हवेत, त्यांचं मॉडेल शिकवायला. तुमच्याकडे खूप असतील, दर सांगा म्हणाले. मी म्हटलं, फोटो माझे नाहीत, त्या माणसांचे आहेत. एकेकाची सही घेऊन या, आणि येताना टॅब्लेटमधली ती जुनी यादीही आणा.