माउंट आयझाच्या कपारींतली घोरपड

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या वायव्य भागात माउंट आयझा आहे. शिसं, जस्ताच्या खाणींचं गाव; तांब्याच्या भूमिगत खाणी २०२५ मध्ये बंद झाल्या. शिशाच्या भट्टीचं धुराडं अडीचशे मीटरहून उंच, त्यामुळे टेकड्यांत कितीही भटकलं तरी गाव कुठल्या बाजूला ते कळतं. सप्टेंबरअखेरीस मी तिथे गेले ती काटेरी शेपटीची बुटकी घोरपड पाहायला. व्हॅरॅनस अकँथुरस हे तिचं शास्त्रीय नाव. प्राणिशास्त्रज्ञ बूलेंजर यांनी १८८५ मध्ये तिचं वर्णन केलं.

जगात घोरपडींच्या ऐंशीहून अधिक जाती आहेत, त्यातल्या तीसेक एकट्या ऑस्ट्रेलियात. दोन मीटरहून लांब वाढणारी पेरेंटी नावाची घोरपड इथलीच आणि वीतभर लांबीची सर्वांत छोटी घोरपडही इथलीच. मी शोधत होते ती शेपटीसकट जेमतेम दोन फुटांची.

तिला पाहायचं तर आधी कपारी वाचायला शिकावं लागतं. उन्हाकडे तोंड केलेला उतार, एकावर एक बसलेले तांबडे पाथर, मध्ये बोटभर फट आणि भोवती स्पिनिफेक्स गवताचे टोकदार झुबके. हे गवत पायाला सुयांसारखं टोचतं. जाड पँट नसेल तर तिकडे फिरकू नये.

सकाळी पाथर तापू लागले, तेव्हा एका फटीतून आधी दुभंगलेली जीभ बाहेर आली. हवेतला वास टिपून आत गेली, पुन्हा आली. मग डोकं, मानेवरचे फिकट पट्टे आणि तपकिरी पाठीवर पिवळसर ठिपक्यांची नक्षी. माझी सावली हलताच ती वळून आत गेली. शेपटीच्या काटेरी खवल्यांची कडी तेवढी दिसत राहिली. संकटात ती अंग फुगवून फटीत रुतून बसते आणि फटीच्या तोंडाशी ही शेपूट आडवी येते. ओढून काढणं जवळजवळ अशक्य. सगळा देह त्या फटीच्या मापानं घडलाय, हे तिथे गुडघ्यांवर बसूनच नीट उमगतं. नाकतोडे, झुरळं, छोटे सरडे असं तिचं खाणंही बरंचसं याच दगडांच्या आसऱ्याला सापडतं.

उसावरचे भुंगे संपवायला १९३५ मध्ये क्वीन्सलँडमध्ये आणलेल्या विषारी भेकांनी मोठ्या घोरपडींची फार हानी केली. भेक गिळला की घोरपड मरते. या बुटकीला धोका आणखी एक आहे, तो आपल्यासारख्या हौशी लोकांचा. वाटेत उलटे पडलेले पाथर पाहिले, खालची ओल उन्हात सुकलेली. एकदा उचललेला पाथर परत तसाच बसत नाही; फट रुंदावते, आतला गारवा जातो, किडे जातात, मग घोरपडही. मला याचा मनापासून राग आला. एका फोटोसाठी कुणाचं घर मोडायचं?

जाणार असाल तर खिशात छोटा आरसा ठेवा. त्यानं सूर्याचा कवडसा फटीत सोडता येतो आणि एकही दगड न हलवता अगदी आतपर्यंतचं दिसतं. सकाळीच जा, पाणी भरपूर न्या.