बावीस गेजचा पत्रा आणि खाडीचा वारा

वेल्डिंग मशीन घ्यायला दुकानात गेलं की दुकानदार आधी मोठा आकडा सांगतो. २०० अँपियर, २५० अँपियर, जाड अँगल एका दमात जोडेल. गाडीचा पत्रा जोडणाऱ्याला त्या आकड्याचा काडीचा उपयोग नाही. दाराचा, फेंडरचा, रनिंग बोर्डचा (दाराखालच्या कडेचा) पत्रा असतो जेमतेम ०.७ ते ०.८ मिलिमीटर, बाजारच्या भाषेत बावीस गेज. त्याला ३०-४० अँपियर पुरतात. तिथं, अगदी खालच्या टोकाला, मशीन न अडखळता चालतं का, एवढंच बघायचं असतं. आणि नेमकं तेच खोक्यावर छापलेलं नसतं.

माझं डेंटिंग-पेंटिंगचं काम नवी मुंबईत रबाळ्याला, एमआयडीसीत. शेडमध्ये रंगकाम चालतं. थिनर, प्रायमर, हार्डनरचे डबे तिथेच, म्हणून ठिणगी उडेल असं कुठलंही काम शेडमध्ये करायचं नाही. पत्र्याची सगळी कापाकापी आणि जोडकाम बाहेर अंगणात. लोकांना वाटतं बाहेर काम म्हणजे उन्हाचा त्रास. ऊन सोसता येतं, त्रास वाऱ्याचा. फेब्रुवारी-मार्चात सकाळी पानसुद्धा हलत नाही, आणि दुपार झाली की खाडीकडून वारा सुटतो तो दिवस मावळेपर्यंत. सीओटू मशीन म्हणजे गनमधून वायर आपोआप पुढे सरकवत जोडणारं वेल्डिंग मशीन. त्याच्या नोजलमधून वायरभोवती गॅस येतो आणि वितळलेल्या धातूला हवेपासून झाकून धरतो. हा गॅस उडाला की हवा आत शिरते आणि वेल्डमध्ये बारीक बारीक भोकं पडतात. ताशी ८ किलोमीटरचा वारासुद्धा एवढं करायला पुरे होतो. म्हणजे अंगाला बरी वाटणारी झुळूक.

आधी सगळं काम गॅसवर व्हायचं. ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या ज्योतीला वारा फारसा बाधत नाही, आणि माझ्या उस्तादांचा हात तर असा होता की पितळेची कांडी आणि टाकणखार (जोड नीट धरावा म्हणून लावायचा क्षार) घेऊन ते फेंडर जोडायचे, जोड शोधून सापडायचा नाही. पण ज्योतीची आच पसरते. लांब सपाट पत्रा असला की लाट येते, मग ती काढायला पुन्हा हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे टेकवायचा लोखंडी ठोकळा) घेऊन तासन्‌तास बसा. शिवाय ॲसिटिलीनचं सिलिंडर आवारात ठेवणं दिवसेंदिवस जोखमीचं वाटायला लागलं होतं. म्हणून सीओटू मशीन घ्यायचं ठरवलं.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलो तेव्हा पिशवीत भंगार गाडीच्या छताचे तुकडे घेऊन गेलो होतो. दुकानात चाचणीला जाड पट्टी देतात. तिच्यावर कुठलंही मशीन छान चालतं. माझा बावीस गेजचा तुकडा दिला आणि म्हटलं, "शेठ, सगळ्यात खाली लावा." बरीच मशीन तिथंच उघडी पडली. आकडा ३० दाखवतात, पण वायर पत्र्यावर ठकठक आपटते, आर्क (वायर आणि पत्र्यामधली विजेची ज्योत) धरत नाही, आणि धरली की एकदम भोक. एका मशीनने मात्र एकसारखी चरचर दिली. त्याच्या रोलरला ०.६ मिलिमीटर वायरची खाच होती, गनची पोलॅरिटी (गन पॉझिटिव्हला जोडायची की निगेटिव्हला) बदलता येत होती आणि ते घरगुती १५ अँपियरच्या प्लगवर चालत होतं. रोलरची खाच कुणी बघत नाही. ०.८ च्या खाचेत ०.६ ची वायर घसरते, वायर थांबत-थांबत येते, आणि माणूस करंटच्या नॉबशी खेळत बसतो.

शेठचा आग्रह मात्र गॅसलेसचा होता. बाहेर काम करता ना, मग सिलिंडर कशाला? ही फ्लक्सवाली वायर घ्या, वाऱ्याबिऱ्याची चिंताच नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. या वायरच्या पोटात फ्लक्स असतो, तो जळून स्वतःच गॅस आणि वर स्लॅगचा, म्हणजे कडक मळीचा, थर तयार करतो, त्यामुळे वाऱ्यात ती टिकते. गेट, ग्रिल, ट्रॉलीची चौकट, चेसिसचा ब्रॅकेट, अशा कामाला मी ती डोळे मिटून घेईन. तिथं दुकानातच गन निगेटिव्हला जोडून माझ्या तुकड्यावर चालवूनही पाहिली. आच जास्त, छर्रे (उडणारे वितळलेले थेंब) जास्त. पत्रा टाक्यागणिक लाल होऊन खाली बसत होता. आणि स्लॅग ठोकून काढायचा, तर बावीस गेजवर ठोकणार किती? कोपऱ्यात राहिलेला स्लॅग पुट्टीखाली जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच रंग फुगतो. गिऱ्हाईक तेव्हा वायरला दोष देत नाही, रंगवणाऱ्याला देतं.

गॅसचंच मशीन घेतलं. सोबत आर्गॉन-सीओटू मिश्रणाचं सिलिंडर. नुसत्या सीओटूपेक्षा महाग पडतं, पण पातळ पत्र्यावर आर्क मऊ राहते.

त्यावर पहिलं अवघड काम आलं ते एका काकूंच्या मारुती ओम्नी व्हॅनचं. काकू ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये जेवणाचे डबे पोचवतात, गाडीवरच घर चालतं. डाव्या बाजूचं सरकतं दार मध्येच अडकत होतं. दोन ठिकाणी दाखवलं तेव्हा दाराचा रोलर बदलून दिला होता, प्रत्येक वेळी पैसे घेऊन. मी वाकून रनिंग बोर्डला अंगठा लावला, तर अंगठा आत गेला. ओम्नीच्या सरकत्या दाराची खालची पट्टी, जिच्यावर दार सरकतं ती, या रनिंग बोर्डालाच धरून असते. बोर्ड खाली बसला, पट्टी वाकली, दार अडकलं. रोलर बिचारा काय करणार! गाडी उचलून खालून बघायला पाच मिनिटं लागतात. दोन्ही ठिकाणी ती पाच मिनिटं कुणी दिली नाहीत, याचा मला अजून राग आहे.

या कामात आच पसरू देणं परवडणारं नव्हतं. जोडताना पट्टी केसभर वाकली तरी दार पुन्हा अडकणार. सीएनजीची टाकी फिटरकडून उतरवून घेतली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा अँगल टॅक करून (तात्पुरत्या टाक्यांनी जोडून) ती बांधून टाकली आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्णांची मापं खडूने गाडीवरच लिहिली. हे न करता रनिंग बोर्ड कापला तर चौकट आपोआप मिटते, आणि मग नवा बोर्ड कितीही सुबक बनवा, दार बसत नाही.

वाऱ्याचा बंदोबस्त. ताडपत्री कुणीही सुचवतं. प्लास्टिकची ताडपत्री ठिणगीने पेटते आणि चहूबाजूंनी बंद केलं तर आतला माणूस धुरात गुदमरतो. रनिंग बोर्ड जमिनीपासून वीतभर वर, म्हणून गुडघ्याएवढे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचे आडोसे तीन बाजूंना पुरतात. खरा वारा येतो गाडीखालून, पलीकडच्या बाजूने, आणि जोडाच्या फटीतून मागून वर निघतो. समोरून आडोसा केला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि गॅस मागून उडत असतो. म्हणून पलीकडच्या दोन चाकांच्या मध्ये ओलं गोणपाट लावलं आणि जोडाच्या मागे तांब्याच्या जुन्या बसबारची पट्टी दाबून धरली. तांबं आच ओढून घेतं, वितळलेलं लोखंड त्याला चिकटत नाही आणि फटही झाकली जाते.

मग उदबत्ती. हे उस्तादांकडून आलेलं नाही, माझं स्वतःचं आहे. उदबत्ती पेटवून जोडाशी धरायची. धूर चार बोटं सरळ वर गेला तर गन उचलायची, त्याच्या आत मोडला तर थांबायचं. गॅसचा प्रवाह मिनिटाला १० लिटर ठेवला होता. वाऱ्यात लोक तो भरमसाट वाढवतात, पण अति जोराने आलेला गॅस नोजलच्या तोंडाशी भोवरा करतो आणि बाहेरची हवा उलट आत ओढतो.

सकाळचा निवांत वेळ धरून काम सुरू केलं. बोटभर अंतरावर एक टाका, मग तिथून लांब दुसरा, मग मध्ये. प्रत्येक टाका हात लावण्याइतका थंड झाल्यावर पुढचा. अधूनमधून दार टांगून सरकवून बघायचं. पुढचा अर्धा भाग सुरेख झाला. मागच्या खांबाच्या पायथ्याशी आलो आणि टाक्यांत भोकं पडायला लागली.

माझ्या हाताखालचा मुलगा आयटीआय करून आलेला आहे, जाड प्लेटवर त्याचा हात उत्तम. तो म्हणाला, "दादा, वारा लागतोय." शेठना फोन केला, तर तेही म्हणाले वारा असेल, सांगितलं होतं गॅसलेस घ्या. पण उदबत्तीचा धूर ताठ उभा होता. वारा असता तर भोकं सगळीकडे पडली असती. ही पडत होती फक्त वीतभर जागेत. त्याच्या अलीकडे टाका स्वच्छ. पुन्हा एक टाका मारला आणि काचेतून नीट पाहिलं. आर्कला हिरवट झाक होती आणि टाक्याभोवती पांढरी बुरशीसारखी भुकटी जमली होती. गन ठेवली, फ्लॅप डिस्क (घासायची चकती) फिरवली. काळ्या पत्र्यात पिवळी रेघ चमकली. पितळ.

पितळेतलं जस्त आर्कमध्ये वाफ होऊन उडतं, तीच ती पांढरी भुकटी, आणि उडताना भोकं सोडून जातं. तांबं वेल्डमध्ये मिसळतं आणि जोड थंड होताना तडकतो. अशा जागी गॅस असो की गॅसलेस, स्टीलची वायर धरणारच नाही. शेठचं ऐकून वायर बदलली असती तर वाऱ्यावर उपाय केल्याचं समाधान मिळालं असतं आणि तडा पुट्टीखाली झाकून गाडी रस्त्यावर गेली असती.

पुढे साफ केलं तेव्हा गाडीचा सगळा इतिहास थराथराने बाहेर आला. सगळ्यात वर पुट्टी. तिच्याखाली ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून बसवलेला, आत ओल धरून ठेवणारा. त्याच्याखाली कुणातरी जुन्या मिस्त्रीचा पितळेचा जोड. पाणी निघायची भोकं तर मधल्या कुणीतरी अंडरकोटिंगने (गाडीच्या पोटाला मारायच्या जाड लेपाने) बुजवूनच टाकली होती. अंडरकोटिंग मारणाऱ्यांनी ती भोकं आधी टेपने झाकावीत, मग फवारा मारावा. एवढी साधी गोष्ट किती गाड्या वाचवेल!

काकू बाजूला स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "दादा, त्या पहिल्या मिस्त्रीने काम चुकीचं केलं होतं का हो?"

मी नाही म्हणालो. त्या जोडाला पकडीने पीळ देऊन पाहिला होता, हलला नाही. त्या अख्ख्या रनिंग बोर्डात सगळ्यात मजबूत तुकडा तोच होता. आणि माझी वायर त्यावर धरत नाही, म्हणून तोच मला कापून काढावा लागला. कापणीची रेघ दोन बोटं वर, खांबाच्या चांगल्या पत्र्यात नेली, सीआरसी (थंड लाटलेल्या) पत्र्याचा नवा तुकडा वाकवून घेतला आणि तिथं ३५ अँपियरवर टाके बसले, एकही भोक नाही. कर्णांची मापं खडूच्या आकड्यांशी जुळली. दार एका बोटाने सरकलं. आतून झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर, भोकं मोकळी करून पोकळीत मेण. काकू दुसऱ्या दिवशी डबे घेऊन गेल्या.

तो जोड माझ्या डोक्यातून जात नाही. जोड शाबूत होता, पण त्याच्या काठाचा पत्रा चाळणी झाला होता. लोखंड आणि पितळ शेजारी असले आणि खाऱ्या हवेची ओल मिळाली की आधी लोखंड खाल्लं जातं, पितळ तसंच राहतं. टाकणखार धुऊन काढला नसेल तर तोही ओल धरतो. म्हणजे त्या मिस्त्रीच्या हाताला नाव ठेवता येत नाही, आणि ऐरोलीसारख्या खाडीकाठच्या गावात तो जोड निर्दोष होता असंही म्हणता येत नाही. उस्तादांनी जोडलेल्या किती गाड्या या पट्ट्यात फिरल्या असतील, त्यांच्या पुट्टीखाली काय चाललं असेल?

दुसरीकडे, आताच्या गाड्यांत जास्त ताकदीचं स्टील येतं. ते तापवलं की कमजोर होतं, म्हणून काही जोडांना कंपन्या सीओटू मशीनमध्येच सिलिकॉन ब्राँझची वायर लावून ब्रेझिंग करतात. पत्रा वितळवायचाच नाही, फक्त वायर वितळवायची. जस्ताचा मुलामा त्यात कमी जळतो आणि टाकणखार लागत नाही. उस्तादांचीच रीत, कांडीऐवजी वायर. माझ्या मशीनला ती चालेल, फक्त शुद्ध आर्गॉनचं वेगळं सिलिंडर लागेल, आणि तोही गॅस वाऱ्यात उडणारच, त्यामुळे गोणपाट आणि उदबत्ती सुटत नाही. वायरचा रोल साध्या वायरच्या कितीतरी पट महाग आहे. पावसाळ्याआधी एक छोटा रोल आणणार आहे. कापून ठेवलेल्या छताच्या तुकड्यांवर त्याचे जोड करून अंगणातच, खाडीच्या बाजूला उघड्यावर टांगून ठेवीन. काही जोड रंगवून, काही कोरे. कोणाचा काठ आधी सडतो ते बघून मगच गिऱ्हाइकाच्या गाडीला ती वायर लावायची की नाही ते ठरवेन.